धर्मापुरीहून, ओव्हर

पळस फुलला की माझा पाय घरात ठरत नाही. केजहून धारूरकडे जाताना दोन्ही अंगांना तो असा पेटलेला असतो, की खाली ओढ्यात पाणी आहे का नाही याचं त्याला काही सोयरसुतकच नाही. यंदाही फुललाय. काल एसटीच्या खिडकीतून पाहिला आणि उजव्या खांद्यात जुनी कळ उठली. डॉक्टरांनी त्या कळेला एक लांबलचक नाव दिलंय. मी तिला अँटेना म्हणते. दुष्काळातल्या एका शिमग्याच्या आधी मी या हातात अँटेना धरून आभाळाशी भांडत होते, त्याची ही कमाई. बाकीच्या बायांचे खांदे धुणं पिळून दुखतात, माझा उपग्रहाशी बोलून दुखतो, हे मी दवाखान्यातही जरा मोठ्यानेच सांगते.

त्या वर्षी विहिरींनी दिवाळीच्या आतच हात टेकले होते. गल्लीत टँकर यायचा तेव्हा आधी घागरींचा आवाज यायचा आणि मग टँकरचा. धूळ चहात, धूळ उशीवर. लग्नपत्रिकेत 'आपला आशीर्वाद हाच आहेर' या ओळीखाली 'पाण्याची सोय केली आहे' असं छापलेलं मी स्वतः वाचलंय, आणि त्या लग्नाला गर्दीही बरी झाली होती. ऊसतोडीच्या टोळ्या कधीच निघून गेल्या होत्या, कुणी कर्नाटकात, कुणी कोल्हापूरकडे. गावांमध्ये उरली होती म्हातारी माणसं, ढोरं आणि दारांना कुलपं. आणि आमच्या भागातल्या सहकारी साखर कारखान्याचा बॉयलर त्या साली पेटलाच नाही. रानात उसाचं कांडं नव्हतं, तर गाळणार काय?

मी त्या कारखान्यात वायरलेसवर होते. एक छोटी खोली, टेबलावर सेट, छपरावर उंच खांब. गावोगावच्या गट ऑफिसात असेच सेट असायचे. कुठल्या फडातली गाडी भरली, कुठला ट्रॅक्टर चढावर अडकला, यार्डात रांग किती लांब आहे, हे सगळं माझ्या तोंडून जायचं. मोबाइल आले, पण आमच्या डोंगरात त्यांना रेंज नसायची, म्हणून वायरलेस टिकला आणि त्याच्यासोबत मीही. हंगामभर मी बोलत असायची. समोरून कधी 'रॉजर' यायचं, कधी 'ऐकलं', कधी नुसतीच खरखर. कोण बोलतंय हे इतक्या वर्षांत एकानंही विचारलं नाही. 'कारखाना' बोलतोय एवढं त्यांना पुरे होतं. मी आजारी पडून दुसरी बाई बसली तरी त्यांना पत्ता लागला नसता. याचा मला राग होता. अजूनही आहे, थोडासा.

हॅम रेडिओची परीक्षा मी त्या रागापोटीच दिली. हौशी लोकांचा रेडिओ, त्यात धंद्याचं बोलायचं नाही, नफा नाही, नुसतं एकमेकांना शोधायचं आणि 'तू कोण, कुठून' असं विचारायचं. मला तर हेच हवं होतं. पास झाले, सरकारनं कॉल साइन दिली, म्हणजे माझं हवेतलं नाव. घरी पेढे वाटले. आमचे हे म्हणाले, "कारखाना बंद पडला, पण तुझं बोलणं काही बंद पडंना." म्हणाले खरं, पण अँटेनासाठी ठिबकच्या अडगळीतला पाइप कापून त्यांनीच दिला. त्याला मी आडव्या अॅल्युमिनियमच्या कांड्या बसवल्या. ठिबकला पाणी नव्हतंच, पाइप तरी कामाला आला.

हौशी लोकांसाठी सोडलेले काही छोटे उपग्रह आभाळातून फिरत असतात. खोक्याएवढे. खालून एकाने बोललेलं ते ऐकतात आणि लगेच दूरवर खाली टाकतात, त्यामुळे केजातला माणूस थेट समुद्रापलीकडे बोलू शकतो. पण उपग्रह एका टोकाला उगवतो आणि चहा पिऊन होईपर्यंत दुसऱ्या टोकाला मावळतो. तेवढ्या वेळात अँटेना त्याच्यावर रोखून धरायची, स्वतःचं नाव सांगायचं आणि कुणीतरी ते पुन्हा म्हणेल याची वाट बघायची. हॅम लोकांनी पृथ्वीचे चौकोन पाडलेत. केज, सिरसाळा, परळी, धर्मापुरी हे सगळं एकाच चौकोनात येतं, आणि आमच्या हॅम गटातले जुने जाणते म्हणायचे की या चौकोनातून उपग्रहावर कुणी बोललेलं त्यांच्या ऐकिवात नाही. नकाशावर आम्ही कोरे. पेपरातल्या दुष्काळाच्या नकाशात रोज लाल रंगात असायचो, इथे मात्र पांढरे.

घराच्या गच्चीवरून जमेना. चारी बाजूंनी लोकांच्या टाक्या आणि जिने. त्यात त्या वर्षी दूध आटलं होतं, म्हणून दूध संस्थेची पिकअप चारा वाहायला लागली होती, आणि ती पिकअप आमचे हे चालवत. माळावर चाराछावण्या उघडल्या होत्या. ज्याच्या घरी वैरण नाही त्यानं ढोरं घेऊन तिथं जायचं आणि पाऊस पडेपर्यंत ढोरांसोबत तिथंच राहायचं. केज, धारूर, सिरसाळा, परळी, धर्मापुरी अशी ह्यांची फेरी ठरलेली. शेवटच्या फेरीला मी अँटेना, दोन वॉकीटॉकी, एक बोलायला आणि एक ऐकायला, आणि भाकरीचं गाठोडं घेऊन शेजारी बसले. संस्थेनं त्यानंतर गाडी दुसऱ्या मार्गाला लावायची ठरवली होती. म्हणजे आता जमलं तर जमलं, नाहीतर मी पुन्हा गच्चीवर, टाक्यांच्या मध्ये, गप्प.

आता फोनवर सगळं दिसतं. उपग्रह कुठे आहे, कुठून येतोय, लाल रेघ सरकत असते. माझ्या वेळी छापलेलं वेळापत्रक, ह्यांच्या मनगटावरचं घड्याळ आणि शाळेच्या कंपासपेटीतलं होकायंत्र, एवढ्यावर भागवायचं होतं. शिवाय उपग्रह जवळ येताना त्याचा सूर चढा असतो आणि लांब जाताना उतरतो, त्यामुळे रेडिओचं बटण सारखं फिरवत राहावं लागतं. धाब्यापाशी उभं राहून न थांबणाऱ्या एसटीचा हॉर्न ऐकला असेल, तर हे कुणालाही कळेल. आमच्याकडे न थांबणाऱ्या एसट्यांची कमी नाही.

पहिला प्रयत्न केजातच, बाजाराच्या मैदानाच्या कडेला. कानाला हेडफोन लावला आणि उपग्रह वर येताच आवाजांचा नुसता गिल्ला. मोठ्या शहरांतली मोठी स्टेशनं, गच्चीवर फिरते खांब, हजारोंची यंत्रं. सगळे पुरुष, सगळे एकाच वेळी बोलणारे. मी माझी कॉल साइन सांगितली. पुन्हा सांगितली. माझ्या आवाजावर पाय देऊन एकजण त्याच्या मित्राला हवामान विचारत होता. मागे दोघं उभे होते, त्यातला एक दुसऱ्याला म्हणाला, "बे, टीव्हीचा अँटिना घिऊन बाई काय करायलीय भर बाजारात?" दुसरा म्हणाला, "शिरियल चुकली आसंल." मला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

सिरसाळ्यात तर कहरच झाला. रस्त्याकडेच्या नांगरलेल्या रानात मी उभी राहिले. उपग्रह वायव्येकडून आला, डोक्यावरून गेला आणि आग्नेयेला लिंबाच्या झाडामागे उतरला. त्याच्यासोबत माझी अँटेना वरून हळूहळू खाली आली. पुन्हा कुणी उत्तर दिलं नव्हतं. टोक ढेकळांना टेकवून मी मान खाली घालून उभी राहिले, तर मागे दगडावर दगड ठेवल्याचा आवाज. पांढरी टोपी घातलेला एक म्हातारा शेतकरी माझ्या पायांशी खूण रचत होता.

"किती फुटावर लागंल म्हनता?" त्यानं विचारलं.

"काय?"

"पानी. तुमी हितं थांबलाव, मशीन खाली आली. म्हंजी हितंच हाय की."

त्या साली आमच्या भागात पाणी शोधणारे पाणाडे घरोघर फिरत होते. कुणी तळहातावर नारळ उभा करून दाखवायचा, कुणी लिंबाची बेचकी घेऊन रान पालथं घालायचा, कुणी तांब्याची तार. त्या रांगेत ही कांड्या-कांड्यांची बाई म्हणजे नवीन मॉडेल, एवढाच त्याचा हिशोब. ह्यांनी त्याला समजावलं, "काका, हे पाण्याचं न्हाई, रेडिओचं हाय. ह्या वर उपग्रहाशी बोलतेत." म्हातारा थोडा वेळ वर बघत राहिला. मग मला म्हणाला, "तर मग त्येलाच इचारा, पानी कवा येतंय."

मी दगड पायानं उडवले. त्यानं पुन्हा रचले. मी पुन्हा उडवले. माझ्या अपयशाच्या जागेवर कुणी बोअर मारावा, हे काही मला सहन होणारं नव्हतं. इथं मारणार नाही असं ह्यांनी त्याच्याकडून तीनदा वदवून घेतलं, तेव्हा कुठं गाडी हलली. परळीपर्यंत मी एक शब्द बोलले नाही. हेही बोलले नाहीत. माझं लग्न चांगल्या माणसाशी झालं हे मला अशाच वेळी आठवतं.

कधी कधी वाटतं, तो म्हातारा फारसा चुकला नव्हता. त्या उन्हात आम्ही सगळेच कशावर तरी काडी रोखून फिरत होतो. तो खाली बघत होता, मी वर बघत होते, आणि दोघांनाही एकच हवं होतं. पलीकडून ओ यावी.

धर्मापुरीला पोचलो तेव्हा ऊन कललं होतं. जुन्या देवळाच्या पलीकडे उघड्या माळावर छावणी पसरली होती. दावणीला दावण, हिरव्या जाळीची सावली, मध्ये साड्यांचे आडोसे, तीन दगडांच्या चुली, शेणाचा आणि ताज्या कुट्टीचा गोडसर वास. कुट्टी म्हणजे यंत्रात बारीक कापलेला कडबा. ते यंत्र छावणीच्या मधोमध, जनरेटरवर धडधडत होतं आणि त्याच्यापाशी कंबरेला पदर खोचून गयामावशी उभी होती. तिचा मुलगा आणि सून ऊसतोडीला गेलेले, आणि ती इथं घरच्या गायी घेऊन आलेली. पण छावणीतली अर्धी ढोरं तिच्याच हाकेत होती. कुट्टी तिच्या हातून वाटली जायची आणि कुणी कुरकुर केली, तर तिला ती दोन दावणी पलीकडून ऐकू यायची.

मी उंच जागा बघून रेडिओ लावला. हेडफोनमध्ये दुसरं काही नाही, नुसती खर्र-खर्र. यंत्राच्या वायरीत कुठेतरी ठिणगी पडत होती, आणि तिचा सगळा कचरा माझ्या कानात येत होता. उपग्रह येण्याची वेळ जवळ आलेली. वैरणीचीही तीच वेळ. ढोरं दाव्याला ओढ देऊन उभी होती. मी गयामावशीकडे गेले आणि म्हणाले, "मावशी, थोडा वेळ यंत्र बंद ठेवता येईल का?"

"कावून?" ती थांबली नाही, पेंढ्या सारतच राहिली.

मी सांगितलं. वर एक खोकं फिरतंय, त्यातून लांबच्या माणसाशी बोलता येतं.

"त्यात कोन बसतंय?"

"कुणी नाही. इकडचं बोलणं तिकडं पोचवतं, तिकडचं इकडं."

"म्हंजी मुकादमावानी," ती म्हणाली. "कापून बी घेतंय का मधलं?"

"नाही."

"मग बरं हाय." तिनं पेंढी खाली ठेवली आणि माझ्याकडं नीट बघितलं. "आन तितं बोलून काय हुतंय बाई?"

याचं उत्तर मी कुणाला दिलेलं नव्हतं. ह्यांनाही नाही. तिला दिलं. म्हणाले, "मावशी, कारखान्याच्या वायरलेसवर मी इतके हंगाम बोलले, पण तू कोण असं मला कुणी विचारलं नाही. एकदा कुणीतरी विचारावं."

तिनं हात झटकले. जनरेटरचं बटण खाली पाडलं. धडधड थांबली आणि माळावर एकदम इतकी शांतता झाली, की ढोरांच्या गळ्यातल्या घंट्या वेगळ्या वेगळ्या ऐकू यायला लागल्या. मग ती म्हणाली, "गावाचं नाव घ्या पर. पेपरवाले आलते, ढोरांचे फोटू काढून गेले. गावाचं नाव कुनी इचारलं न्हाई."

खालच्या दावणीतून एकजण ओरडला, "मशीन कावून बंद केली बे? ढोरं वरडायलीत हितं." गयामावशीनं मागे वळूनही पाहिलं नाही. "गप ऱ्हा," ती म्हणाली. "गावाचं नाव जायलंय वर."

हे घड्याळ धरून शेजारी. "आला," ते म्हणाले. मी अँटेना वायव्येला रोखली. आधी काहीच नाही. मग वाऱ्यासारखी सळसळ, मग कुठल्या तरी परक्या गृहस्थाचे दोन शब्द. तो थांबला, तेवढ्यात मी बटण दाबलं. कॉल साइन, चौकोन आणि 'धर्मापुरी, बीड'. आणि माझ्या कानात माझाच आवाज वरून परत आला. किंचित पातळ, पण माझाच. स्वतःचा आवाज आभाळातून ऐकण्याची सवय नसते माणसाला. 

लगेच एका म्हाताऱ्या पुरुषाचा आवाज आला. श्रीलंकेहून. त्यानं माझी कॉल साइन अक्षर न अक्षर पुन्हा म्हटली. आवाज स्वच्छ येतोय म्हणाला, फाइव्ह नाइन, म्हणजे आमच्यात पैकीच्या पैकी. आणि मग इंग्रजीत, अगदी सावकाश विचारलं, आपलं नाव काय, आणि धर्मापुरी कुठं आहे?

मी नाव सांगितलं. सुनंदा. इतकं साधं नाव सांगायला मला दोन वेळा श्वास घ्यावा लागला. धर्मापुरी सांगायला लागले, महाराष्ट्र, मराठवाडा, आणि बटण दाबलेलं असतानाच माझ्या मागे गयामावशीची भुकेली कपिला गाय मोठ्यानं हंबरली.  मग म्हातारा हसत म्हणाला, हे दुसरं स्टेशन कोणतं? मी म्हणाले, छावणीतली गाय आहे, तिचा चारा माझ्यामुळं अडलाय. तो म्हणाला, तिलाही फाइव्ह नाइन.

आणि मग जे झालं, ते मी आजही कुणाला सांगते तेव्हा उभी राहून सांगते. कोरा चौकोन बोलतोय ही बातमी उपग्रहाखाली सगळ्यांना एकदम कळली. तीच मोठी स्टेशनं, तेच फिरते खांब, आता सगळे मलाच हाका मारत होते. एकावर एक, एकावर एक. मी केजच्या मैदानावर असताना ज्यानं माझ्या आवाजावर पाय दिला होता, त्याचा आवाज मी ओळखला. हेडफोनबाहेर येणारा गिल्ला ऐकून ह्यांनी घाबरून माझ्याकडे बघितलं. पण मी घाबरले नव्हते. यार्डात गाड्यांची झुंबड उडाली की काय करायचं, हे मला कुणी शिकवण्याची गरज नव्हती. मी कारखान्याचा आवाज काढला. 'सगळे थांबा. नाव घेईन तोच बोलेल.' आणि थांबले हो सगळे. एकेकाला बोलावलं, नोंद दिली, नोंद घेतली, पुढचा. मधे घुसणाऱ्याला शेवटी टाकलं. पाय देणाऱ्या त्या गृहस्थाला मी जरा ताटकळत ठेवलं, ते मला मान्य आहे. तो आला तेव्हा फार अदबीनं 'सुनंदाजी' म्हणाला.

दर वेळी मी 'धर्मापुरी, बीड' म्हणत होते, आणि प्रत्येकजण ते परत म्हणत होता. कुणी नीट, कुणी वाकडं. मागे छावणीतली माणसं येऊन उभी राहिली होती. मी रेडिओला लावलेला हेडफोन काढला, तेव्हा परक्या माणसांच्या तोंडून आपल्या गावाचं नाव त्या माळावर मोठ्यानं ऐकू आलं. मघाशी ओरडलेला माणूस कुणाला तरी कोपरानं ढोसत होता. गयामावशी पदर तोंडाला लावून उभी होती. ती हसत होती का काय करत होती, ते मी बघायला गेले नाही, कारण माझे डोळे मला रेडिओसाठी कोरडे हवे होते.

उपग्रह उतरायला लागला. आवाज जाडे झाले, विरायला लागले. रांगेत अजून कितीतरी उरले होते. शेवटच्यानं घाईघाईनं विचारलं, पुन्हा कधी? मी विचार न करता बोलून गेले, 'उद्या, याच वेळी, इथूनच.' आणि सळसळ थांबली.

"उद्या?" हे म्हणाले. "गाडी उद्या सकाळी केजात पायजे. माहीत हाय ना तुला?"

"तुम्ही न्या गाडी," मी म्हणाले. "मी इथं राहते."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग छावणीकडे, मग गाडीतून भाकरीचं गाठोडं आणि माझी शाल काढून आणली. जास्तीच्या बॅटऱ्याही आणल्या.  मला त्या दिवशी आनंद झाला होता, नुसता आनंद, त्याला दुसरं नाव नाही. दुष्काळ होता, कारखाना बंद होता, माळावर ढोरं उपाशी उभी होती, आणि मी सुखानं अशी भरले होते, की कुणाशी डोळा मिळवायची सोय नव्हती.

गयामावशीनं जनरेटर सुरू केला. पहिली टोपली कपिलेपुढं ओतली. तिच्या पाठीवर थाप मारली आणि माझ्याकडं वळली.

"उद्या किती वाजता येतंय तुमचं ते खोकं?"

मी वेळ सांगितली.

"मग उद्या कुट्टी आदीच कापून ठिवू," ती म्हणाली. "तुमी निवांत बोला."